लेकरू कोणाच्या भरवशावर?

परमार्थाचे प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. माया म्हणजे काय, जीव आणि शिव एक की दोन, सगुण थोर की निर्गुण थोर, यावर रात्र रात्र चर्चा चालते, आणि ती चालावीही. पण काही प्रश्न असे असतात की विचारणाराला चर्चेला वेळच नसतो. ती उभ्या उभ्या विचारते आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. कारण तिची कामाची वेळ झालेली असते. असा एक प्रश्न या महिन्यात आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

नवरा वारलेली, किंवा नवऱ्याने टाकलेली, किंवा रोजच्या मारहाणीला कंटाळून आपणहून वेगळी झालेली एक बाई. पदरी एक-दोन लेकरे. पोटासाठी रोजचे काम. कामाला जावे तर लेकरू एकटे. लेकरापाशी बसावे तर चूल थंड. तिने काय करावे? तिचा धर्म कोणता? आणि ती कामावर असताना लेकराला काही झाले, तर दोष कोणाचा?

पुण्यासारख्या शहरात हा प्रश्न गल्लोगल्ली आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या वसाहतीतून पहाटेच निघून चार घरची धुणीभांडी करणारी मावशी आहे. बांधकामावर पाट्या वाहणारी मराठवाड्यातली बाई आहे. इस्पितळात रात्रपाळी करणारी परिचारिका आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसणारी शिकलेली मुलगीही आहे. पगारात जमीन-अस्मानाचे अंतर, पण संध्याकाळचे सहा वाजले आणि काम आटोपले नाही म्हणजे चौघींच्याही काळजात एकच कळ उठते: पोर काय करीत असेल? क्वचित बायको वारलेला एकटा बापही या रांगेत उभा असतो. त्याची कळ निराळी नाही.

अशा बाईचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे. "बाई, तुझी तारेवरची कसरत आहे हो!" असे म्हणून लोक आपल्या वाटेने जातात. पण डोंबाऱ्याचा खेळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की, दोरीवर चालणारी पोर केवळ आपल्या पायांच्या बळावर चालत नाही. दोरीच्या दोन्ही टोकांचे बांबू कोणीतरी जमिनीत घट्ट रोवलेले असतात. ते ढिले पडले तर कितीही कसबी पोर असो, खाली येणारच. एकटीचा तोल आपण रोज पाहतो. बांबू कोणी रोवायचे हे मात्र विचारीत नाही. आमचे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे.

पहिली शंका अशी की, आईचे पहिले कर्तव्य लेकरू. तेव्हा तिने घरी राहावे, थोडक्यात भागवावे. असे म्हणणारे बहुधा पोटभर जेवून उठलेले असतात. थोडक्यात भागवायलाही थोडके तरी हवे ना? भाड्याची खोली, शाळेची वही, तापाचे औषध, रात्रीची भाकरी, हे सगळे त्या कामातूनच येते. म्हणून काम एकीकडे आणि वात्सल्य दुसरीकडे, अशी वाटणी करणे मुळात चूक आहे. पिलाला सोडून चारा आणायला गेलेल्या पक्षिणीला कोणी कठोर म्हणत नाही. संतांनी तर देवाच्या मायेला नेमका हाच दाखला दिला आहे. मग माणसाच्या आईलाच आपण वेगळा न्याय का लावतो?

दुसरी शंका भाविकांची आहे, म्हणून ती अधिक जपून पाहिली पाहिजे. काहीजण म्हणतात, लेकरू देवावर सोपवावे आणि निर्धास्त कामाला जावे. राखणारा समर्थ आहे. देव राखणारा आहे यात आम्हांला संशय नाही. पण देवावर सोपविणे म्हणजे काय, हे आपल्याच परंपरेतल्या एका कथेवरून नीट समजून घ्यावे. ती कथा तेरच्या गोरोबाकाकांची.

संती पाण्याला जाताना लेकराकडे लक्ष ठेवायला सांगून गेली. गोरोबाकाका चिखल तुडवीत होते आणि नामात देहभान विसरले होते. रांगते लेकरू चिखलात आले आणि पायाखाली तुडविले गेले. ही कथा आपण शेकडो वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तल्लीनतेला हात जोडतो. जोडावेतच. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. आपल्या परंपरेने संतीचा आक्रोश गाळून टाकलेला नाही. ती पाण्याहून आली, तिने पाहिले, आणि ती नवऱ्यावर कडाडली, हे सर्व कथेकरी सांगत आले आहेत. "संताची बायको असून रागावली," म्हणून तिला कोणी हिणवले नाही. पुढे पंढरीत नामदेवरायांच्या कीर्तनात ते लेकरू रांगत आले, तेव्हाच ती कथा पुरी झाली. लेकरू परत मिळाल्यावाचून या कथेला शेवट करणे परंपरेलाही सोसले नाही!

आता विचार करा. त्या घरात दोन माणसे होती. एक पाण्याला गेले, दुसरे कामात आणि नामात होते. तेवढ्या अवकाशात अनर्थ झाला. जिथे दोघे असताना असे घडू शकते, तिथे पाणीही जिने आणायचे, चिखलही जिने तुडवायचा आणि रांगत्या पोरावर नजरही जिने ठेवायची, तिची काय कथा? तिला "देवावर सोपव" म्हणणे म्हणजे आपल्या अंगावर येणारे काम देवाच्या नावावर ढकलणे होय. बांधकामाच्या वाळूत खेळणारे पोर खड्ड्यात पडले तर ते कीर्तनात रांगत येत नाही. हे सत्य आहे. ते कडू लागले तरी सांगितले पाहिजे.

तिसरी शंका प्रारब्धाची. "ज्याचे त्याचे भोग. तिच्या नशिबी एकटेपण आले, त्याला आपण काय करणार?" याला उत्तर पैठणला मिळते. गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक लेकरू रडत होते. आई आपल्या कामाच्या घाईत पुढे निघून गेलेली. ते अस्पृश्य मानलेल्या घरचे. नाथमहाराजांनी ते कोणाचे, कोणत्या जातीचे, कोणाच्या कर्माचे फळ, हे काही विचारले नाही. उचलून कडेवर घेतले, नाक-डोळे पुसले आणि त्याच्या घरी नेऊन पोचविले. त्यात आम्हांला सर्वांत थोर वाटते ते हे की, नाथांनी त्या मातेला बोल लावल्याचे कोणी सांगत नाही. "पोराला टाकून कुठे गेली होतीस?" हा प्रश्न जगात सर्वांना सुचतो, नाथांना तो सुचला नाही. वाळू तापलेली आहे आणि पाय कोवळे आहेत, एवढेच त्यांना दिसले. प्रारब्धाचा हिशेब देवाकडे. वाळूतून उचलणे आपल्याकडे.

येथे कोणी म्हणेल, पण लेकरे कशीतरी वाढतातच की! आईबापांवाचून वाढलेली कितीतरी मुले मोठी झाली. खुद्द आळंदीची चार भावंडे पाहा. होय, पाहूच या. मातापित्यांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावर निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई ही चार लेकरे उघड्यावर पडली. गावाने त्यांना जवळ केले नाही. मांडे भाजायला खापरसुद्धा मिळू दिले नाही, अशी कथा आहे. त्या लेकरांनी जगाला ज्ञानेश्वरी दिली; तो त्यांचा मोठेपणा. त्यांच्या मोठेपणाने गावाचा दोष धुतला जात नाही. आज आपण ज्या आळंदीला पायी जातो, त्याच आळंदीत एकेकाळी या लेकरांसाठी दारे बंद झाली होती, हे प्रत्येक वारकऱ्याने लक्षात ठेवावे. कष्टातून तावून निघालेल्या एका लेकराकडे बोट दाखवून बाकीच्या हजारांना उन्हात सोडणे हा धर्म नव्हे.

आणि "कशीतरी वाढतात" म्हणजे नेमकी कशी, तेही डोळे उघडून पाहावे. आई कामाला गेली की धाकटे कोणाच्या कडेवर असते? थोरलीच्या. ती थोरली आठ-दहा वर्षांची. तिने भात लावायचा, नळाचे पाणी भरायचे, धाकट्याला भरवायचे, आणि मग वेळ उरला तर शाळेत जायचे. वेळ उरत नाही. भार कधी नाहीसा होत नाही, वाचकहो. तो खाली सरकतो. शेजाऱ्याने उचलला नाही, मालकाने उचलला नाही, सरकारने उचलला नाही, की तो घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मुकाट खांद्यावर जाऊन बसतो. लोक त्या पोरीचे कौतुक करतात, "किती शहाणी गं, आईला केवढी मदत!" ते शहाणपण तिने स्वखुशीने घेतलेले नसते. तिचे बाळपण देऊन ते विकत घेतलेले असते.

तेव्हा प्रश्न फिरवून विचारायला हवा. एकटीचा धर्म काय, हे विचारून झाले. ती तो रोज पहाटेपासून पाळीतच आहे. तिच्या अवतीभवतीच्या माणसांचा धर्म काय?

याचे उत्तर पुण्याला नवे नाही. १८६३ साली याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवेला दिवस गेले तिला त्या काळी दोनच वाटा होत्या: आपला जीव द्यायचा किंवा लेकराचा घ्यायचा. फुले दांपत्याने तिसरे दार उघडले. येथे येऊन बाळंत व्हा, लेकरू बरोबर न्या, अथवा येथेच ठेवा. कोणी काही विचारणार नाही. अशाच एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला आणि तो पुढे डॉक्टर झाला. प्लेगच्या साथीत सावित्रीबाई एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात गेल्या, त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. पैठणच्या वाळवंटात नाथांनी जे केले तेच या माउलीने पुण्याच्या रस्त्यावर केले, असे आम्हांला वाटते.

१८९१ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवायला पुण्यास आले. एकट्या बापाची अवस्था त्यांनी भोगली. पण पुरुषाला दुसऱ्या लग्नाची वाट मोकळी होती. बाईला ती नव्हती. कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला तो एका विधवेशीच, आणि १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे १९०० साली तो हिंगण्याला गेला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून कर्वे पायी हिंगण्याला जात, हे पुणेकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कर्व्यांच्या दुसऱ्या पत्नी आनंदीबाई. त्यांच्या भगिनी पार्वतीबाई आठवले. विसाव्या वर्षी वैधव्य आले, पदरी एक मुलगा. त्या हिंगण्याच्या कामात आल्या आणि त्याच संस्थेसाठी गावोगाव वर्गणी मागत फिरल्या. ज्या छपराखाली ऊब मिळाली ते छप्पर दुसऱ्या बायांसाठी मोठे करण्याला त्यांनी जन्म दिला. आधार मिळालेली बाई आधार घेऊन बसून राहत नाही, हा आपल्या शहराचा शंभर वर्षांहून अधिक काळचा अनुभव आहे.

याच कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाची पुढची एक गोष्ट पाहा. १९९० च्या सुमारास त्या विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातले कार्यकर्ते पुण्यात कचरा वेचणाऱ्या मुलांना शिकवायला गेले. मुले आईबरोबर उकिरड्यावर काम करीत होती. शिकविता शिकविता ध्यानात आले की, पोराच्या हातात पाटी द्यायची तर आधी आईचे काम बरे झाले पाहिजे. आईला उकिरडा उपसावा न लागता घराघरांतून वेगळा केलेला सुका कचरा मिळाला, तर तिचे तासही वाचतात आणि कमाईही वाढते. मग पोर शाळेत जाऊ शकते. त्यातून १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन त्याच बायांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. यात मोठे तत्त्व आहे. लेकराचा प्रश्न आईच्या कामापासून तोडून सोडविता येत नाही. ज्याने आईचा रोजगार सुधारला त्याने लेकराचे शिक्षण सुधारले.

सरकारनेही काही बांबू रोवले आहेत, ते नाकारता येत नाही. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यात पाळणाघराची सक्ती केली. १९७६ साली ती संख्या तीसवर आली. १९७५ सालापासून अंगणवाड्या सुरू झाल्या. २०१७ साली मातृत्वलाभाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर पाळणाघराची जबाबदारी आली. हे सर्व चांगलेच झाले. पण अंगणवाडी काही तासांची आणि आईचे काम दिवसभराचे. शिवाय जी चार घरी भांडी घासते तिचा कारखाना कोणता? तिची आस्थापना कोणती? चार घरे मिळून पन्नास नोकर होत नाहीत! १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला तेव्हा कुठे शहराला कळले की या बायांनाही आजारपण असते, सुट्टी लागते, घरी लेकरे असतात. कायद्याचे हात लांब असले तरी चाळीतल्या खोलीपर्यंत ते पोचायला उशीर लागतो. तोवर शेजाऱ्याचा हात जवळचा.

हा हात कसा असावा, हे आपल्याला जनाबाईच्या जात्याने शिकविले आहे. जनी नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, शेणी वेचणे, धुणे, झाडलोट यांतून तिला उसंत नाही. देव तिच्याकडे आला तेव्हा त्याने काय केले? "जने, कामातून वेळ काढून देवळात येत जा," असे सांगितले काय? "तुझे प्रारब्ध," म्हणाला काय? तसे काही नाही. त्याने जात्याचा खुंटा धरला, शेणी वेचल्या. ज्याला वेदांनी वर्णिता वर्णिता मौन धरले तो दासीच्या कामाला हात लावतो, आणि एक शब्द उपदेशाचा बोलत नाही! ज्यांनी कधी दळले आहे त्या आजीबाईंना विचारा: एकटीने ओढताना जाते जड होते, समोरून दुसरा हात खुंट्याला लागला की तेच जाते हलके फिरते आणि तोंडात ओवीही येते. त्याच जनीने विठोबाला लेकुरवाळा म्हटले. अंगाखांद्यावर लेकरे घेतलेला देव तिने पाहिला. कंबरेवर हात ठेवून उभा असलेला आपला देव प्रसंग पडला की ते हात काढतो, हे तिला ठाऊक होते. आपले हात मात्र कंबरेवरून निघत नाहीत.

म्हणून एकट्या बाईला "काम करता करता नाम घे, म्हणजे शीण जाईल," असा उपदेश करण्याचे आम्ही या लेखात टाळले आहे. नाम ती घेतेच. बहुतेक वेळा आपल्याहून अधिक कळवळ्याने घेते. तिची व्यथा निराळी आहे. ती म्हणते, "ना धड काम होतं, ना धड लेकराकडे बघणं होतं, ना धड हरिपाठ." तिला आम्ही एवढेच सांगू की, बाई गं, तुझ्या हिशेबात चूक आहे. दोन माणसांचे ओझे तू एका माणसाच्या मापाने मोजतेस आणि कमी पडले म्हणून स्वतःला दोष देतेस. तू कमी पडलेली नाहीस. माणसे कमी पडली आहेत. उपदेश करायचाच तर ज्याच्यापाशी दुपारचे तीन तास रिकामे आहेत त्याला करावा.

पुण्यात पेठापेठांतून विठ्ठलमंदिरे आहेत. सकाळची पूजा, काकडा आटोपला की संध्याकाळच्या हरिपाठापर्यंत कितीतरी सभामंडप रिकामे असतात. उपनगरांत जागोजागी भजनी मंडळे आहेत आणि त्यांत साठीच्या पुढच्या, नातवंडे दूरदेशी गेलेल्या आजी आहेत. एकीकडे रिकामा मंडप आणि मोकळ्या मांड्या, दुसरीकडे कुलूप लावलेल्या खोलीत बसलेली लेकरे. या दोन्हींच्या मध्ये अंतर आहे ते फक्त "पोराला इथं सोड गं, मी बसलेय तोवर" एवढ्या एका वाक्याचे. ज्या दिवशी एखाद्या मंडळाने दुपारी पाच-दहा लेकरांना सतरंजी टाकून बसविले, त्यांना घासभर भरविले, थोरलीला "तू शाळेत जा, धाकट्याला आम्ही बघतो," म्हणून सांगितले, त्या दिवशी त्या मंडपात जे घडेल त्याला आम्ही कीर्तनाहून कमी म्हणणार नाही. अर्थात दुसऱ्याचे लेकरू सांभाळणे ही जोखीम आहे. नोंद ठेवावी, दोन-तीन जणींनी मिळून बसावे, दार उघडे ठेवावे, कोण आणतो आणि कोण नेतो हे पाहावे. श्रद्धेच्या नावाखाली गाफीलपणा चालत नाही. गोरोबाकाकांच्या कथेने हा धडाही दिला आहे.

मालकांनाही एक शब्द. आपल्या घरी काम करणारी मावशी लेकराला ताप आला म्हणून एक दिवस आली नाही, तर खाडा कापताना हात थोडा थांबू द्यावा. तिच्या कडेवरचे पोर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसले तर आपले घर विटाळत नाही. कचेरीत साहेब असाल तर एकट्या आईची किंवा बापाची संध्याकाळची वेळ सांभाळून द्यावी. यात कोणाचे राज्य जात नाही.

मात्र मदतीत एक विष असते, त्यापासून जपले पाहिजे. ते विष म्हणजे चौकशी. "नवरा का सोडला?" "बाप कुठे असतो?" "सासरचे काही देत नाहीत का?" घासाबरोबर असे प्रश्न वाढले की घास घशात अडकतो. फुल्यांच्या दारात नाव विचारीत नव्हते, नाथांनी जात विचारली नाही. लेकराला "बिनबापाचं" म्हणण्याची जुनी खोड तर आता सोडलीच पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे नाव लिहिण्याचे ठरविले. ज्या संप्रदायाने देवालाच आई म्हटले, त्याला आईचे नाव पुढे आल्याने नवल वाटू नये.

आणखी एक नाजूक गोष्ट. कित्येक आयांना लेकरू वसतिगृहात किंवा एखाद्या संस्थेत ठेवावे लागते. जग त्यांना पाषाणहृदयी म्हणते. सिंधुताई सपकाळ यांचे चरित्र आठवावे. घरातून हाकललेली, गोठ्यात बाळंत झालेली ही बाई पुढे अनाथांची माय झाली. परक्या लेकरांना वाढविताना आपल्या पोटच्या मुलीकडे मन झुकू नये म्हणून त्यांनी ममताला पुण्याच्या श्रीमंत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या संस्थेकडे वाढायला दिले. हे योग्य की अयोग्य, यावर वाद घालणारे घालोत. ४ जानेवारी २०२२ रोजी सिंधुताई गेल्या. निवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. आम्हांला त्यात एवढेच दिसते की, लेकरू हातातून खाली ठेवायची वेळ आली तेव्हा ठेवायला एक विश्वासाची जागा होती. अशी जागा असली तर त्याला सोपविणे म्हणतात. नसली तर त्याचेच नाव टाकणे होते. आई तीच, माया तीच. फरक जागेचा आहे, आणि जागा करणे हे समाजाचे काम.

शेवटी वारीकडे पाहू. ज्येष्ठ वद्यात माउलींची आणि तुकोबारायांची पालखी पुण्यात येते. माउली भवानी पेठेत पालखी विठोबाला, तुकोबा नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला उतरतात. लाखोंच्या गर्दीत एखादे लेकरू चुकते. त्या वेळी काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. कोणीतरी त्याला खांद्यावर घेतो, कोणी हातात केळे देतो, कर्ण्यावरून पुकारा होतो, अनोळखी बाया त्याचे डोळे पुसतात. आई धावत आली की लेकरू तिच्या कुशीत देतात आणि "माउली, जपून" एवढेच म्हणून आपल्या वाटेला लागतात. तिथे कोणी तिचे चरित्र विचारीत नाही, नवरा विचारीत नाही, तिच्या आईपणाची परीक्षा घेत नाही. वारीत चुकलेले लेकरू सर्वांचे असते.

हा धर्म आपल्याला येतो. कोणी नव्याने शिकवायला नको. तो आपण आषाढीच्या वाटेवर सुमारे तीन आठवडे पाळतो आणि घरी येऊन तुळशीची माळ तशीच गळ्यात ठेवून विसरतो. शेजारच्या खोलीला बाहेरून कुलूप आहे आणि आत एक थोरली धाकट्याला खेळवीत बसली आहे. तेही गर्दीत चुकलेलेच लेकरू आहे. फक्त त्याचा पुकारा झालेला नाही. तो ऐकू येण्याची वाट न पाहता जो दार ठोठावील, त्याची वारी वर्षभर चालू आहे असे आम्ही समजू.

रामकृष्णहरि.